भोपळा वर्गात खराखुरा आणा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. पहिली ते चौथी, द्विशिक्षकी शाळा, सत्र परीक्षा आटोपली आहे, दिवाळीच्या सुट्टीला आठवडा उरलाय आणि मुलं पुस्तक उघडायला तयार नाहीत. एकच गोष्ट घेऊन सगळे विषय जोडता येतील का, आणि कोणती घ्यावी, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर 'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक'. जिल्हा परिषदेच्या शाळांत मी हे सहा-सात वर्षं केलंय. चिऊ-काऊची गोष्टही चालते, पण ती पावसाळ्यात खुलते. भोपळ्याला हेच दिवस चांगले. खरिपातले भोपळे आत्ता बाजारात असतात.

पहिल्या वर्षी माझी एक चूक झाली, ती तुम्ही करू नका. मी गोष्टीवर अकरा कृतिपत्रिका काढल्या. भोपळ्याच्या चित्रात बेरजा, वाघाच्या चित्रात जोडाक्षरं. दुसऱ्या दिवशी एक मुलगा म्हणाला, "बाई, आता म्हातारीला घरी जाऊ द्या ना." तेव्हापासून ठरवलं की विषय गोष्टीवर चिकटवायचा नाही. गोष्ट ऐकताना मुलांना जे खरंच विचारावंसं वाटतं, तिथूनच तास सुरू करायचा.

म्हणून सोमवारी नुसती गोष्ट सांगा, हातात काही न घेता. म्हातारी लेकीकडे निघते. वाटेत कोल्हा, लांडगा, वाघ अडवतात. "लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा" असं सांगून ती सुटते आणि परत येताना भोपळ्यात बसून येते. मंगळवारी पुन्हा सांगा, या वेळी जनावरांचं बोलणं मुलांकडे द्या. तिसऱ्यांदा गोष्ट मुलंच सांगतात, तुम्ही फक्त ऐका. पहिलीतल्या मुलांनाही "म्हातारी-बितारी मी नाही जाणे" तोवर तोंडपाठ झालेलं असतं. ते फळ्यावर लिहा आणि बोट ठेवून वाचू द्या. पाठ असलेलं वाक्य वाचताना अक्षरं किती पटकन ओळखीची होतात, ते बघा.

आता मुख्य गोष्ट. एक खरा भोपळा आणा. चित्र नको, प्लॅस्टिकचा नको. आणल्याबरोबर विचारा, याला तुमच्या घरी काय म्हणतात? आमच्या वर्गात डांगर, गंगाफळ, काशीफळ आणि लाल भोपळा अशी चार नावं निघाली. एकालाही चूक म्हणायचं नाही. चारही फळ्यावर लिहायची.

मग कुणीतरी विचारतंच, "बाई, म्हातारी यात मावली कशी?" गणिताचा तास इथून सुरू होतो. आम्ही सुतळीने भोपळ्याचा घेर मोजला, 82 सेंटीमीटर भरला. दुसरीतली एक मुलगी गुडघे पोटाशी घेऊन उकिडवी बसली. तिच्याभोवती सुतळी फिरवली, 124 सेंटीमीटर. म्हणजे साधारण दीडपट. चौथीतला एक मुलगा सुतळी हातात धरून बराच वेळ गप्प उभा होता. मग म्हणाला, "दीडपट पुरणार नाही. सालीची आणि गराची जाडी कुठे धरली?" हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. असे प्रश्न यावेत म्हणूनच तर हा सगळा खटाटोप. खडूने अंगणात म्हातारीला पुरेल असा भोपळा काढला आणि एकेकाने आत बसून पाहिलं.

अंतराचं गणितही असंच निघतं. बेडूकउडी मारून एक 'टुणूक' किती लांब पडते ते मोजा. आमची सरासरी 60 सेंटीमीटर आली. शाळेपासून पारापर्यंत 240 मीटर, म्हणजे 400 टुणूक. लहान मुलांनी तेवढ्या उड्या मारायचा हट्ट धरला होता.

भाषेला टुणूक हा शब्दच पुरेसा आहे. टुणूक, गडगड, सळसळ, धप्प, अशा आवाजाच्या शब्दांची यादी मुलं न थांबता करतात. हीच म्हातारी बंगालीतही आहे, तिथे ती गडगडत जाते. इराणमध्येही भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी आहे. हे मुलांना जरूर सांगा. मग विचारा, भोपळा गडगडला तर आत बसलेल्या म्हातारीचं डोकं कुठे जाईल? डब्यात बाहुली ठेवून उतारावरून सोडून बघा.

परिसर अभ्यासासाठी म्हातारीच्या वाटेचा नकाशा काढा. इथे एक बारकावा आहे. वाघ मेळघाट-ताडोबाच्या जंगलातला, पण लांडगा आपल्याकडे मुख्यतः माळरानावरचा. सोलापूरकडच्या नान्नजच्या माळावर लांडगे आहेत. मग म्हातारीने माळ आणि जंगल दोन्ही ओलांडलं असणार. मुलांना वाट आखायला लावा. नद्या, ओढे, गावं ती आपणहून घालतात.

इंग्रजीला फार वेळ देऊ नका. "व्हेअर आर यू गोइंग?" आणि त्याचं उत्तर, एवढा संवाद मुखवटे घालून तीनदा झाला की पुरे. मुखवटे बुटांच्या खोक्यांचे करा. फुग्यावर कागद चिकटवून भोपळा करायचा असेल तर सोमवारीच सुरुवात करा, वाळायला दोन-तीन दिवस जातात.

म्हातारी खोटं बोलली का, हा प्रश्न मुलं काढतीलच. तुमचं मत सांगू नका, त्यांना भांडू द्या. आमच्याकडे अख्खा तास गेला आणि तो मला वाया गेल्यासारखा वाटला नाही.

शुक्रवारी भोपळा कापायच्या आधी बादलीभर पाण्यात सोडा. एवढा जड भोपळा बुडेल असं सगळे म्हणतात आणि तो तरंगतो. कापल्यावर आतली पोकळी दिसते आणि का तरंगला ते मुलंच सांगतात. बियांचा अंदाज आधी लिहून घ्या. आमच्याकडे 50 पासून 1000 पर्यंत आकडे आले. दहा-दहाचे ढीग केल्यावर 386 भरल्या. गराचे घारगे करा. पोषण आहाराच्या ताईंना आधी विचारून ठेवा. किसून गुळाबरोबर शिजवायचा आणि 'मावेल तेवढी कणीक' घालायची. ती किती मावली ते वाटीने मोजून फळ्यावर लिहा. गरम तेलाजवळ मुलांना जाऊ देऊ नका.

सुट्टीचा अभ्यास एवढाच द्या: आजीला किंवा घरातल्या मोठ्या माणसाला ही गोष्ट सांगायला लावा आणि कुठे वेगळी आहे ते लिहून आणा. सोबत धुऊन सावलीत वाळवलेल्या पाच-पाच बिया द्या. जानेवारी-फेब्रुवारीत परसात लावता येतील. फुलं आली की नर आणि मादी फूल वेगळं दाखवा. मादी फुलाखाली इवलासा भोपळा असतोच.

आणि भोपळा घेताना देठ शाबूत असलेला घ्या. देठ तुटलेला लवकर सडतो, तुम्हाला तो शुक्रवारपर्यंत टिकायला हवाय.