धुळीआड दडलेली कृष्णविवरं क्ष-किरणांत दिसतात म्हणे. पण ती जास्त दूर असली तर शोधायला सोपी, हे कसं काय?

मी खगोलवाला नाही. इंदुरात बावीस वर्षं एक्स-रे काढतोय, आणि तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आमच्या खोलीतच आहे.

नवखा होतो तेव्हा सराफ्यातले एक हलवाई कमरेचा लॅटरल, म्हणजे बाजूने एक्स-रे, काढायला आले. चांगले गरगरीत. मी आपला नळीला 70 केव्ही, म्हणजे किलोव्होल्टचा दाब, लावला. फिल्म धुतली तर सगळं पांढरंफटक, मणके दिसेचनात. आमचे सीनियर आप्पा फिल्म उजेडाला धरून म्हणाले, "अरे, रोज रबडी चाखणाऱ्याची कंबर आहे ही. 90 लाव!" लावला, मणके आले. सॉफ्ट, म्हणजे कमी ऊर्जेचे किरण अंगातच मुरतात; हार्ड, म्हणजे जास्त ऊर्जेचे आरपार जातात.

दीर्घिकेच्या, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहाच्या, केंद्रातही हेच. कृष्णविवरात पडणारा वायू प्रचंड तापतो आणि त्याच्या जवळून सॉफ्ट-हार्ड सगळेच क्ष-किरण निघतात. भोवती वायू आणि धुळीचं जाड कडं. साधा प्रकाश धूळ अडवते, सॉफ्ट क्ष-किरण वायू गिळतो, हार्ड बरेचसे निसटतात. सगळ्यात दाट आवरणांना 'कॉम्प्टन-थिक' म्हणतात: दर चौरस सेंटीमीटरमागे हायड्रोजनचे निदान 1.5 गुणिले 10 चा 24वा घात इतके अणू. हा आकडा मी एकदा वजनात बदलून बघितला. भरतात जेमतेम अडीच ग्रॅम, म्हणजे अडीच सेंटीमीटर पाण्याएवढे! हलवायाची कंबर त्याच्या कितीतरी पट. मग अडतं कुठे? तर नासाच्या अंतराळातल्या चंद्रा दुर्बिणीला दिसतात ते साधारण अर्ध्यापासून आठ केईव्हीपर्यंतचे किरण (केईव्ही हे किरणाच्या ऊर्जेचं माप; 90 केव्हीच्या नळीतून जास्तीत जास्त 90 केईव्हीचे निघतात). इतके सॉफ्ट की आमच्याकडे ते नळीसमोरच्या ॲल्युमिनियमच्या फिल्टरमध्येच गळून जावेत.

आता दूर असण्याचा फायदा. विश्व प्रसरण पावतंय, त्यामुळे वाटेत किरणांची तरंगलांबी ताणली जाते आणि ऊर्जा घटते. या ताणाचं माप म्हणजे ताम्रसृती; तिच्यात एक मिळवला की ऊर्जा किती पटीने घटली ते कळतं. ताम्रसृती 2 असेल तर ऊर्जा एक तृतीयांश उरते. म्हणजे तिथून 24 केईव्हीने निघालेला, आवरण भेदून आलेला हार्ड किरण इथे 8 चा होऊन चंद्राच्या टप्प्यात येतो. 90 केव्हीचं काम अंतरानेच करून टाकलं म्हणा. जवळच्या दीर्घिकेला ही सवलत नाही. तिच्यासाठी 2012 साली सोडलेल्या न्यूस्टारसारखी, 3 ते 79 केईव्ही बघणारी दुर्बीण लागते.

आवरण फारच दाट असेल तर हार्ड किरणही इलेक्ट्रॉनांवर आपटून भरकटतात. हाच तो स्कॅटर, जो अडवायला आम्ही ग्रिड, म्हणजे शिशाच्या पट्ट्यांची जाळी, लावतो. पण आम्हाला नकोसा असलेला हा स्कॅटर तिथे कामाचा: थेट किरण मेला तरी कड्यावरून परतलेला येतो, आणि सोबत लोखंडाची 6.4 केईव्हीची ठळक रेषा आणतो. आमच्या नळीतल्या टंगस्टनचीही अशीच रेषा असते, 59 च्या आसपास.

अंतर हे सगळं फुकट देत नाही, हेही सांगतो. किरण फार थोडे पोचतात. माझं एक्स्पोजर सेकंदाच्या आत संपतं. चंद्राने दक्षिणेकडच्या आकाशाच्या एका छोट्या तुकड्यावर तुकड्या-तुकड्याने मिळून 70 लाख सेकंद, म्हणजे 81 दिवस, नजर लावली. तेव्हा हजारेक स्रोत सापडले, त्यातली बहुतेक दीर्घिकांच्या केंद्रातली कृष्णविवरं.

2023 मध्ये जाहीर झालेली यूएचझेड 1 ही दीर्घिका तर ताम्रसृती 10 च्या पलीकडे आहे. मध्ये असलेल्या एबल 2744 या दीर्घिकासमूहाने भिंगासारखं काम केलं नसतं, तर तिचे क्ष-किरण हाती लागणं कठीणच होतं. चंद्राने ते टिपले 2 ते 7 केईव्हीत. अकराने गुणा: निघताना होते 22 ते 77. म्हणजे आमच्या कमरेच्या लॅटरलचेच किरण!