‘या विषयावर संशोधन झालेले नाही’ असे लिहिण्यापूर्वी

स. न. वि. वि.

तुमचे पत्र आणि सोबतची रूपरेखा मिळाली. 1972 च्या दुष्काळात सोलापूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील ज्या स्त्रिया खडी फोडायला आणि पाझर तलावांच्या कामांवर गेल्या, त्यांच्यावर प्रबंध लिहिण्याचा तुमचा विचार मला मनापासून आवडला. मात्र दुसऱ्याच परिच्छेदात ‘या विषयावर आजवर संशोधन झालेले नाही’ असे जे वाक्य तुम्ही घातले आहे, ते तूर्त खोडावे. शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या संगणकीय भांडारात, दोन शब्द टाकून पाहिले आणि काही निघाले नाही, एवढाच त्याला आधार आहे, असे तुमच्याच पत्रावरून दिसते.

असेच वाक्य मीही एकेकाळी लिहिले होते. मौखिक परीक्षेत बहिःस्थ परीक्षकांनी विचारले, की याच तालुक्यावर तुमच्याच विद्यापीठाच्या भूगोल विभागात झालेला प्रबंध आपण पाहिला असेल ना? मी पाहिला नव्हता. पदवी मिळाली, पण उपयोग उरला नसताना मी तो प्रबंध वाचला, तेव्हा माझ्या तिसऱ्या प्रकरणातील गावांचे तक्ते त्यात माझ्याहून नीट मांडलेले निघाले.

प्रबंध शोधणे म्हणजे त्याची नोंद करणाऱ्या माणसाच्या जागी जाऊन बसणे, असे मी मानतो. तुम्ही ‘दुष्काळ’ हा शब्द टाकलात. नोंद करणाऱ्याने मराठी प्रबंधाचे शीर्षक पुष्कळदा रोमन लिपीत उतरवलेले असते, आणि त्यात ‘ष’साठी कोणी एस-एच लिहितो, कोणी नुसता एस, आ-कारासाठी कोणी एकच ए लिहितो, तर कोणी दोन. काही वेळा शीर्षकाचे इंग्रजी भाषांतरच नोंदलेले असते. प्रबंधाच्या आत शोध घ्यावा, तर जुने प्रबंध केवळ पानांची छायाचित्रे असतात, आणि युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेले प्रबंध पडद्यावर मराठी दिसले तरी संगणकाच्या लेखी ती निरर्थक रोमन अक्षरांची रांग असते. यंत्राने ‘निकाल नाही’ म्हटले, याचा अर्थ प्रबंध नाही असा होत नाही.

शब्दाच्या निवडीचीही एक गोष्ट तुमच्या विषयात दडलेली आहे. 1963 साली महाराष्ट्राने कायदा करून राज्यातील कायद्यांमधून ‘फॅमिन’, म्हणजे दुष्काळ, हा शब्दच काढून टाकला आणि त्या जागी ‘स्केअर्सिटी’, म्हणजे टंचाई, हा शब्द आणला. त्यामुळे सरकारी कागदांवर उभे राहिलेले इंग्रजी प्रबंध ‘फॅमिन’ या शब्दाखाली सापडण्याचा संभव कमी. ते ‘स्केअर्सिटी’खाली किंवा ‘ड्रॉट’खाली शोधावेत. मराठीत अवर्षण, टंचाई, दुष्काळी कामे आणि रोजगार हमी हे सगळे शब्द वेगवेगळे टाकून पाहावेत. रोजगार हमीचा कायदा 1977 चा असून तो 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. तेव्हा ऐंशीच्या दशकातील रोजगार हमीवरील प्रबंधांत 1972 चे प्रकरण पार्श्वभूमी म्हणून येण्याचा पुष्कळ संभव आहे, मग शीर्षकात दुष्काळाचे नाव असो वा नसो.

विद्यापीठांची नावे आणि हद्दी बदलल्या आहेत, हेही ध्यानात असू द्या. सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ 2004 साली झाले. त्यापूर्वी तिथली महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे होती, म्हणून सोलापूरच्या अभ्यासकाचा 1985 चा प्रबंध कोल्हापुरात असेल. उस्मानाबादचा त्या काळातील प्रबंध ‘मराठवाडा विद्यापीठ’ या नावाखाली असेल, कारण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव त्या विद्यापीठाला 1994 मध्ये मिळाले.

शोधगंगा हे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे भांडार आहे. पीएच. डी. च्या प्रबंधाची संगणकीय प्रत देण्याचे बंधन विद्यापीठ अनुदान आयोगाने 2009 च्या नियमांनी घातले. त्याआधीचे प्रबंध विद्यापीठांनी जसे जमेल तसे स्कॅन करून चढवले आहेत, म्हणून जुन्या काळासाठी ग्रंथालयात जाऊन प्रबंधांची नोंदवही मागण्याला पर्याय नाही. शोधगंगेवर शब्दाऐवजी विद्यापीठ आणि मग विभाग निवडून यादी वरपासून खालपर्यंत वाचावी. हे काम कंटाळवाणे खरे, पण माझे निम्मे उपयोगी प्रबंध अशाच चाळणीतून हाती लागले. एक चांगला प्रबंध मिळाला की त्याच मार्गदर्शकांच्या हाताखालचे बाकीचे प्रबंधही पाहावेत, कारण मार्गदर्शक एखादा विषय सहसा एका विद्यार्थ्यावर सोडून देत नाहीत.

विभाग कोणते, हे मात्र तुम्ही फार अरुंद धरले आहे. इतिहास आणि समाजशास्त्र तुम्ही पाहिलेत. अर्थशास्त्र, भूगोल, लोकप्रशासन आणि मराठी हे विभाग राहिले. कृषी विद्यापीठांचे प्रबंध शोधगंगेऐवजी बहुधा कृषिकोश या भांडारात सापडतात. परभणीचे कृषी विद्यापीठ तर 1972 सालीच स्थापन झाले. तिथल्या गृहविज्ञान शाखेची यादी पाहिल्याशिवाय कामांवर वाटल्या गेलेल्या सुकडी या पूरक खाद्याविषयी काही लिहू नका. वैद्यकीय पदव्युत्तर प्रबंध पुष्कळदा त्या त्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातच पडून राहतात, तिथे पत्र लिहूनच विचारावे लागेल. विज्ञानशाखांत प्रबंधातील निष्कर्ष बहुतेक वेळा शोधनिबंधांत आधीच छापलेले असतात. आपल्याकडच्या मराठी किंवा इतिहासाच्या प्रबंधांत मात्र मोलाचा ऐवज परिशिष्टांत असतो. मुलाखतींचे उतारे, ओव्या, गावांच्या याद्या आणि हजेरीपत्रकांच्या नकला अन्यत्र कुठेही छापल्या जात नाहीत. शोधगंगेवर प्रबंध प्रकरणांच्या सुट्या फाइलींमध्ये ठेवलेला असतो, तेव्हा परिशिष्टाची फाइल आणि संदर्भसूची आधी उघडा. प्रस्तावना नंतर वाचली तरी चालते; खरे सांगायचे तर कित्येक प्रस्तावना न वाचल्या तरी चालतात.

परदेशांतील प्रबंध वगळू नका. अमेरिकी अभ्यासक एलिनॉर झेलियट यांचा आंबेडकर आणि महार चळवळीवरील प्रबंध पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने 1969 मध्ये स्वीकारला आणि पुस्तकरूपाने तो यायला तीस वर्षांहून अधिक काळ गेला. तोवर अभ्यासकांना मूळ प्रबंधच गाठावा लागे. अमेरिकेत पीएच. डी. च्या लेखनाला सहसा ‘डिझर्टेशन’ आणि एम. ए. च्या लेखनाला ‘थिसिस’ म्हणतात, ब्रिटनमध्ये नेमके उलटे, म्हणून दोन्ही शब्दांनी शोधावे. अमेरिकेतील प्रबंधांचा मोठा साठा प्रोक्वेस्टकडे आहे. अॅन आर्बर येथे 1938 साली मायक्रोफिल्मच्या व्यवसायातून ती संस्था उभी राहिली. हा साठा सशुल्क आहे, पण तुमच्या ग्रंथालयाची वर्गणी आहे का ते विचारा आणि नसल्यास त्या विद्यापीठाचे स्वतःचे भांडार पाहा. ब्रिटिश ग्रंथालयाची एथॉस ही तिथल्या प्रबंधांची सूची ऑक्टोबर 2023 च्या सायबर हल्ल्यात बंद पडली, तेव्हापासून मी तिथल्या एकेका विद्यापीठाच्या भांडारातच थेट जातो.

सापडलेला प्रत्येक प्रबंध चांगला असेल असे समजू नका. पदवीपुरते लिहिलेले आणि एकमेकांवरून उतरवलेले प्रबंधही तुम्हाला पुष्कळ भेटतील. त्यांच्याही संदर्भसूच्या पाहाव्यात, निष्कर्ष मात्र उचलू नयेत. कोणाच्या परिशिष्टातील मुलाखत वापरायची झाल्यास त्या अभ्यासकाला आधी पत्र लिहावे. बहुतेकांना आनंदच होतो, कारण परीक्षकांनंतर तो प्रबंध उघडणारे तुम्ही पहिलेच असता.

पुढच्या पत्रासोबत सापडलेल्या प्रबंधांची यादी पाठवायची घाई नको. कोणत्या भांडारात, कोणत्या तारखेला, कोणता शब्द कोणत्या वर्णलेखनाने टाकला आणि काय निघाले नाही, एवढीच नोंद आधी पाठवा. ती पाहून आपण ते खोडलेले वाक्य पुन्हा लिहायचे की नाही ते ठरवू.

आपला,
एक जुना मार्गदर्शक