झाडाने मान टाकली, आता काय?

प्रश्न : कुंड्यांमधली अ‍ॅस्टरची रोपं अगदी कळ्या धरायच्या वेळेला माना टाकतायत. दुपारी सुकतात, संध्याकाळी परत बरी दिसतात आणि चार दिवसांनी उठतच नाहीत. पाणी वाढवलं, बुरशीनाशक फवारलं, काही फरक नाही. एका रोपाची तर एकच बाजू पिवळी पडलीये, असं कसं?

उत्तर : एकच बाजू म्हणालात ना, तिथेच मर रोगाचा संशय येतो. फ्युजेरियम नावाची बुरशी मातीतून मुळात शिरते आणि खोडातल्या पाणी वर नेणाऱ्या नळ्यांमध्येच वाढते, त्यात झाड पण तिला अडवायला स्वतःच डिंकासारखं काहीतरी सोडून त्या नळ्या बुजवतं, म्हणजे कुंडीत पाणी भरपूर पण पानं तहानलेली. ज्या बाजूच्या नळ्या आधी तुंबल्या ती बाजू आधी पिवळी पडते. पानावर फवारलेलं औषध तिथवर पोचतच नाही, त्यामुळे ते पैसे वाचवा.

आधी एक रोप उपटा आणि मातीलगतच्या खोडाची साल ब्लेडने सोला. आत उभ्या तपकिरी रेघा दिसल्या तर मर. रेघा नाहीत पण मुळं काळी, बुळबुळीत झालीयेत तर ती मूळकुज, म्हणजे पाणी जास्त झालंय. अजून एक बघा, खोडाचा बोटभर तुकडा काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात उभा धरा. थोड्या वेळात दुधासारखे धागे खाली उतरले तर तो जिवाणूंचा मर आहे, त्यावर बुरशीनाशकाचा काडीचा उपयोग नाही.

मर ठरला तर ते रोप वाचत नाही, स्पष्टच सांगते. मातीसकट काढून टाका, कुंडी घासून एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी अशा द्रावणाने धुवा. नव्या कुंडीत अ‍ॅस्टरच हवं असेल तर माती ताजी घ्या, निचरा चांगला ठेवा. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला दाबणारी मित्रबुरशी) लावताना मातीत मिसळलं तर थोडी मदत होते, पण ते आधीचं काम, रोप सुकल्यावर घालून काही होत नाही.

प्रश्न : वाफ्यातले टोमॅटो याच रोगाने गेले. आता तिथे वांगी लावू का?

उत्तर : इथे जरा गंमत आहे. टोमॅटोचा फ्युजेरियम टोमॅटोलाच मारतो, वांग्याच्या वाटेला जात नाही (अ‍ॅस्टरचाही तसाच, त्याचा वेगळा). पण रोग व्हर्टिसिलियम या मातीतल्याच दुसऱ्या बुरशीचा असेल तर तो टोमॅटो, वांगी, बटाटा, शेवंती, डेलिया, कुणालाच सोडत नाही. दोन्हींत खोड आतून तपकिरी होतं, घरी नुसतं बघून फरक कळणं अवघड, मग कशाला जुगार खेळायचा? मका किंवा ज्वारी लावा, गवताच्या कुळातल्या पिकांना व्हर्टिसिलियम सहसा त्रास देत नाही. वर्षभर जागा बदलली की माती साफ झाली असं मात्र समजू नका, दोन्ही बुरशी मातीत वर्षानुवर्षं टिकतात. कडक उन्हाळ्यात माती ओली करून वर पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे ताणून ठेवलं तर वरच्या थरातली बरीच बुरशी मरते. माती आम्लधर्मी असेल तर चुना घालून सामू (पीएच) ६.५ ते ७ वर आणा, फ्युजेरियमचा जोर कमी होतो.

पण खरा इलाज वाणात आहे. बियांच्या पाकिटावर व्ही, एफ, एन अशी अक्षरं असतात, व्ही म्हणजे व्हर्टिसिलियम, एफ फ्युजेरियम, एन सूत्रकृमी (मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे जंत), त्या त्या रोगाला किंवा किडीला वाण दाद देत नाही असा त्याचा अर्थ. मुळांवर गाठी दिसल्या असतील तर एन नक्की बघा, कारण सूत्रकृमी मुळाला जखमा करतात आणि बुरशीचं आयतंच फावतं. केळीतही शेवटी वाणच बदलावा लागला, पनामा मर रोगाने (तोही फ्युजेरियमचाच) ग्रोस मिशेल हा निर्यातीचा वाण मोडीत काढला आणि १९६० च्या दशकापर्यंत त्याची जागा कॅव्हेंडिशने घेतली. आता टीआर४ नावाचा फ्युजेरियम कॅव्हेंडिशच्याही मागे लागलाय, तेव्हा प्रतिकारक वाण म्हणजे कायमची सुटका नाही.

प्रश्न : मेलेली रोपं कंपोस्टमध्ये टाकली तर चालतील का?

उत्तर : नको. घरचा ढीग आतपर्यंत सारखा तापत नाही, बुरशी जगते आणि तेच खत तुम्ही सगळ्या कुंड्यांना घालणार. जाळा नाहीतर कचऱ्यात द्या, आणि ते खुरपं धुतल्याशिवाय दुसऱ्या वाफ्यात घालू नका.