'दुर्मीळ' कोणाला म्हणावं? पाहुणा, वाटसरू आणि चुकार पक्षी

प्रश्न असा आला आहे: "दिवाळी सरली की 'दुर्मीळ स्थलांतरित पक्ष्याचे दर्शन' अशा बातम्या सुरू होतात. उजनीच्या पाण्यावर आलेल्या पट्टकादंब हंसांबद्दल तसंच वाचलं. पण ते तर दरवर्षी थव्याने येतात. मग त्यांना दुर्मीळ म्हणावं का? शिवाय 'दुर्मीळ' की 'दुर्मिळ'? आणि वाट चुकून आलेल्या एकट्या पक्ष्याला मराठीत काय म्हणायचं?"

लेखनाचं आधी उरकतो. 'दुर्' हा उपसर्ग संस्कृत, पण 'मीळ' आला आपल्या 'मिळणे'वरून. संस्कृतचा शब्द 'दुर्लभ'. म्हणजे 'दुर्मीळ' तत्सम, संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, नाही, त्यामुळे 'गरीब', 'वकील' यांना लागतो तोच नियम त्यालाही लागतो: अकारान्त शब्दातली उपान्त्य, म्हणजे शेवटच्या अक्षराआधीची, इ-उ दीर्घ, आणि सामान्यरूपात ती ऱ्हस्व. गरीब–गरिबाला, तसंच दुर्मीळ–दुर्मिळाला. 'दुर्मिळातला दुर्मीळ' एवढं लक्षात ठेवलं तरी दोन्ही रूपं आपोआप जागेवर बसतात.

अर्थाचा प्रश्न जास्त मोलाचा आहे. 'दुर्मीळ' म्हणजे मिळायला अवघड. जुनं पुस्तक दुर्मीळ असतं ते शोधणाऱ्याच्या दृष्टीने. पक्ष्यांच्या बाबतीत मात्र हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो: जगातच थोडे उरलेले पक्षी, इतरत्र भरपूर पण आपल्याकडे क्वचित येणारे, आणि इथेच असून सहसा नजरेला न पडणारे. वाचणारा मात्र पहिलाच अर्थ घेतो, 'जात संपत आली' असा. त्यामुळे मी हा शब्द पहिल्या अर्थासाठीच राखून ठेवावा या मताचा आहे. माळढोक दुर्मीळ आहे. रानपिंगळा हे छोटं घुबड दुर्मीळ आहे. १८८४ नंतर त्याची एकही खात्रीची नोंद नव्हती, तो नामशेष झाला असंच अभ्यासक धरून चालले होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळच्या रानात पुन्हा दिसला. एकशे तेरा वर्षांनी! अशा पक्ष्याला जो शब्द लावायचा, तोच दरसाल ठरल्या वेळी येणाऱ्या बदकांना लावला, तर त्याचं वजन राहत नाही.

पट्टकादंब मध्य आशियातून, हिमालय ओलांडून येतो. डोक्यावरचे दोन काळे पट्टे म्हणून 'पट्ट', आणि 'कादंब' हे हंसाचं जुनं संस्कृत नाव. त्याचा प्रवास थक्क करणारा आहे, पण त्याने तो दुर्मीळ ठरत नाही. त्याच्यासाठी आणि थापट्या, तलवार बदक, चक्रवाक यांच्यासाठी 'हिवाळी पाहुणा' हाच चोख शब्द. 'पाहुणा' हा संस्कृत 'प्राघुण'वरून प्राकृतातून आलेला. पाहुणा मुक्कामाला येतो, चार दिवस राहतो आणि पुढच्या खेपेला पुन्हा येतो. हे सगळं त्या एका शब्दात आहे.

पण प्रत्येक स्थलांतर करणारा पाहुणा नसतो. अमूर ससाणा घ्या. सैबेरियाचा आग्नेय भाग आणि उत्तर चीन इथून निघून तो ऑक्टोबर-नोव्हेंबरात नागालँडमध्ये मोठ्या संख्येने थांबतो, मग भारत ओलांडून, अरबी समुद्रावरून न थांबता उडत दक्षिण आफ्रिकेकडे जातो. आपल्याकडे, लोणावळ्याच्या परिसरात वगैरे, तो या वाटेवर थोडा वेळ दिसतो. याला पाहुणा कसं म्हणणार? हा वाटसरू! किडे खाऊन अंगात जोर भरायचा की पुढे. सप्टेंबर-ऑक्टोबरात आफ्रिकेकडे जाताना दिसणारा युरोपीय नीलपंखही वाटसरूच. काही जण 'पांथस्थ' लिहितात. तेही बरोबर, पण 'वाटसरू' बोलीत जिवंत आहे.

भोरडीने मात्र मला नेहमी कोड्यात टाकलं आहे. ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायची ती जिच्यामुळे, ती गुलाबी-काळी भोरडी. ती जुलै-ऑगस्टपासूनच यायला लागते आणि एप्रिलपर्यंत असते. विणीपुरती मध्य आशियाकडे जाते. वर्षाचा मोठा भाग जी इथे काढते तिला 'हिवाळी' म्हणणंही कमी आणि 'पाहुणी' म्हणणंही. मला वाटतं, तिच्यासाठी नुसतं 'स्थलांतर करणारी' पुरे. ('स्थलांतरित' चुकीचं नाही. 'पुष्पित'सारखाच तो 'इत' प्रत्यय आहे. पण कानाला 'कोणीतरी हलवलेला' असा भास होतो, निदान मला.)

आता तो एकटा. काही पक्षी, विशेषतः पहिल्यांदाच प्रवासाला निघालेले तरुण, दिशा चुकतात. काहींना वादळ ओढून नेतं. अशाला बरेच जण 'भटका' लिहितात. मला ते पटत नाही. 'भटका' म्हणजे ज्याची भटकंती हाच स्वभाव आहे. हा पक्षी बिचारा ठरल्या वाटेनेच निघाला होता. त्यासाठी आपल्याकडे 'चुकार' आहे. कळपातून सुटलेलं ते चुकार वासरू, आभाळात एकटा राहिलेला तो चुकार ढग. 'कामचुकार'मुळे कुणी बिचकेल, पण तिथे 'चुकणे'चा टाळण्याचा अर्थ आहे, इथे वाट सुटण्याचा. 'चुकार पक्षी' म्हटलं की तो एकटा आहे, इथला नाही आणि पुन्हा येईलच असं नाही, हे तिन्ही कळतं.

क्रियापदही जपून वापरावं. 'आढळतो' म्हटलं की नेहमीचा वावर सूचित होतो. एकदाच घडलेल्या गोष्टीला 'दिसला' पुरतं.

तेव्हा तो मथळा मी असा केला असता: 'उजनीवर हिवाळी पाहुणे पट्टकादंब दाखल'. आणि कधी खरोखर अनोळखी एखादा उतरला, तर 'उजनीवर चुकार पक्षी दिसला'.