माजी सैनिकाचं आरक्षण: बापाचं किती, लेकीचं किती?

प्रश्न: २४ वर्षांच्या सेवेनंतर गेल्या वर्षी हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. वय ४३, शिक्षण दहावी. मुलगी बारावी सायन्सला ७१ टक्के मिळवून पास झाली, इंजिनिअरिंगची सीईटी दिली आहे. माजी सैनिक कोट्यातून तिला प्रवेश आणि पुढे सरकारी नोकरी मिळेल का? डिस्चार्ज बुकात (सेवेतून सुटताना मिळालेल्या पुस्तिकेत) तिची जन्मतारीख १२ मार्च आहे, दहावीच्या प्रमाणपत्रावर २१ मार्च. त्यामुळे काही अडेल का?

उत्तर: नमस्कार हवालदारसाहेब. अडेल, म्हणून सगळ्यात आधी तारखेचंच काम हाती घ्या. मुलीसाठीचं प्रमाणपत्र जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय देतं आणि तिथे डिस्चार्ज बुकातली कुटुंबाची नोंद शाळेच्या कागदांशी ताडून बघतात. बुकात पेनाने खाडाखोड अजिबात करू नका. मुलीचा जन्मदाखला, दहावीचं प्रमाणपत्र, आधार, प्रतिज्ञापत्र आणि डिस्चार्ज बुकाची प्रत जोडून दुरुस्तीचा अर्ज त्याच कार्यालयामार्फत तुमच्या रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे तुमच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या लष्करी कार्यालयाला, पाठवा. याला महिने लागू शकतात. प्रवेशाच्या फेऱ्या तोवर थांबत नाहीत, म्हणून अर्जाची पोच जपून ठेवा आणि प्रमाणपत्राबद्दल कल्याण अधिकाऱ्यांशी आजच बोला.

आता मुलीचं. सीईटीच्या कॅप (केंद्रीकृत प्रवेश) फेऱ्यांत सैनिकांच्या पाल्यांसाठी ५ टक्के जागा असतात, पण एका कॉलेजात जास्तीत जास्त पाच. तुम्ही महाराष्ट्राचे अधिवासी असाल तर फॉर्ममध्ये सैनिक पाल्यांच्या प्रकारांपैकी डेफ-१ निवडायचं. डेफ-२ आणि डेफ-३ सेवेत असलेल्यांच्या मुलांसाठी. तुमचा स्वतःचा अधिवास दाखला काढलेला नसेल तर तोही लगेच काढा. कागद तपासणीच्या मुदतीत प्रमाणपत्र नसेल तर हा दावा गळतो, मग गुण कितीही चांगले असोत. आणि पाचच जागा असल्याने पसंतीक्रमात दोन-चार नावाजलेली कॉलेजं भरून थांबू नका, यादी लांब ठेवा.

प्रवेश झाला की पंतप्रधान शिष्यवृत्ती. ही केंद्रीय सैनिक बोर्डाची योजना. बारावीला किमान ६० टक्के लागतात, ते तिच्याकडे आहेत. मुलींना महिना ३,००० रुपये, म्हणजे वर्षाला ३६,०००. अर्ज पदवीच्या पहिल्या वर्षातच करायचा असतो. दुसऱ्या वर्षी जाग आली तर उपयोग नाही. पुढे दरवर्षी नूतनीकरणासाठी ५० टक्के हवेत. देशभरात वर्षाला ५,५०० शिष्यवृत्त्या असल्याने पात्र ठरूनही नाव हुकू शकतं. फीची तजवीज शिष्यवृत्तीच्या भरवशावर करू नका.

नोकरीबाबत मात्र स्पष्ट सांगतो, कारण इथे अनेक घरांची वर्षं वाया जातात. नोकरीतलं माजी सैनिक आरक्षण तुमचं आहे, लेकीचं नाही. सैनिक सेवेमुळे मृत्यू आला किंवा नोकरी करता येणार नाही असं अपंगत्व आलं, तरच राज्यात कुटुंबातल्या एका व्यक्तीला ती सवलत मिळते. लेकीने भरतीच्या फॉर्मवर 'माजी सैनिक' पुढे खूण केली तर निवड झाल्यावरही कागद तपासणीत नाव कटेल.

तुमचा हक्क भक्कम आहे. शिष्यवृत्ती ही नुसती योजना. केंद्राच्या नोकरीतलं आरक्षण मात्र १९७९ च्या केंद्रीय नियमांनी दिलेलं आहे. केंद्रात गट क मध्ये १० टक्के, राज्यात गट क आणि ड मध्ये १५ टक्के समांतर, म्हणजे प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आत मोजलेलं. केंद्राच्या भरतीत वयातून सेवेची वर्षं वजा होतात: ४३ वजा २४ म्हणजे १९, आणि मर्यादेवर आणखी ३ वर्षांची सूट. शिक्षण दहावी म्हणून मागे सरू नका. १५ वर्षं सेवा झालेला दहावी पास माजी सैनिक केंद्रातल्या गट क च्या पदवी मागणाऱ्या पदांनाही चालतो, फक्त त्या पदाला तांत्रिक किंवा व्यावसायिक अनुभवाची अट नसावी.

एक खाच लक्षात ठेवा. पहिल्या नियमित सरकारी नोकरीत रुजू झालात की पुढच्या भरतीसाठी हे आरक्षण संपतं. म्हणून जिथे जिथे अर्ज केलेत त्यांची तारीखवार यादी आतापासून वहीत ठेवा. रुजू होताना त्या यादीचं स्वयंघोषणापत्र नव्या नोकरीच्या कार्यालयाला देऊन पोच घेतलीत, तर केंद्राच्या १४ ऑगस्ट २०१४ च्या आदेशानुसार त्या यादीतल्या नोकऱ्यांसाठी आरक्षण शाबूत राहतं.