नौदल की तटरक्षक दल? खानापूर तालुक्यातल्या आईच्या पत्राला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातलं थोडक्यात मांडतो. मुलगा बेळगावात पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, सायन्सला आहे. जूनमध्ये त्याला अठरा पूर्ण होतील. मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेत, त्यामुळे घरात सैन्यभरतीचाच विषय. पण मुलाला समुद्रावर जायचंय. शेतीवर घर चालतं, पगार लवकर सुरू व्हावा ही तुमची इच्छा. आणि एका अकॅडमीवाल्यांनी सांगितलंय, "नेव्हीचा कुठलाही फॉर्म भरा, आत गेल्यावर ट्रेड बदलून मिळतो."

ते शेवटचं वाक्य आधी मनातून काढून टाका. नौदलात अग्निवीर एमआर (मॅट्रिक रिक्रूट) आणि अग्निवीर एसएसआर (सीनियर सेकंडरी रिक्रूट) असे दोन वेगळे भरतीप्रकार असतात. एमआर दहावीवर आहे आणि त्यातलं काम म्हणजे स्वयंपाक, वाढप आणि स्वच्छता. जहाजावर ही माणसं नसतील तर जहाज चालत नाही, काम मानाचंच आहे. पण गणित-फिजिक्स घेऊन पीयूसी करणाऱ्या मुलाने 'नंतर बदलू' म्हणून तिथे शिरू नये. त्याच्यासाठी एसएसआर. त्याला बारावीत गणित व फिजिक्स आणि एकूण ५० टक्के गुण लागतात. तटरक्षक दलातही हाच फरक आहे: नाविक जनरल ड्यूटी बारावीवर, नाविक डोमेस्टिक ब्रँच दहावीवर.

आता मुख्य प्रश्न. दोन्ही सेवा संरक्षण मंत्रालयाखालच्या, नाविकांचं सुरुवातीचं प्रशिक्षण दोघांचंही ओडिशात, नौदलाच्या आयएनएस चिल्का या प्रशिक्षण तळावर. फरक आहे तो नोकरीच्या मुदतीत. नौदलातली अग्निवीर भरती ४ वर्षांची. त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के मुलांना कायम केलं जातं. पहिल्या वर्षी महिना ३०,००० ठरलेले, पण त्यातले ३० टक्के सेवानिधीत जातात, म्हणजे हातात २१,०००. चार वर्षांनी मुलाचे आणि सरकारचे मिळून सुमारे १०.०४ लाख आणि त्यावरचं व्याज मिळतं. पेन्शन किंवा ग्रॅच्युइटी नाही. तटरक्षक दलाला ही अग्निवीरांची अग्निपथ योजना लागू नाही. तिथे नाविक नियमित नोकरीत घेतला जातो, मूळ वेतन २१,७०० आणि त्यावर महागाई व इतर भत्ते.

तुमच्या घरची परिस्थिती पाहता माझं मत स्पष्ट आहे: पहिली पसंती तटरक्षक दल, नाविक जनरल ड्यूटी. सोबत नौदलाचा एसएसआर फॉर्मही भरायचाच, कारण तटरक्षक दलात जागा कमी असतात. काम मात्र मुलाला समजावून सांगा. तटरक्षक दल म्हणजे बुडणाऱ्या बोटीतल्या मच्छीमारांना वाचवणं, संशयित बोटी तपासणं, तस्करी रोखणं, समुद्रात सांडलेलं तेल आवरणं. युद्धनौका, पाणबुडी, क्षेपणास्त्रं यांचंच वेड असेल तर ते नौदलात. तसं असेल तर चार वर्षांची जोखीम त्याने समजून-उमजून घ्यावी. घरच्यांनी ती लादू नये आणि लपवूही नये. अग्निवीर म्हणून बाहेर पडलेल्यांना तटरक्षक दलात १० टक्के आरक्षण जाहीर झालंय, एवढा एक दरवाजा मागे उघडा राहतो.

तयारीबद्दल. आपल्या भागातली मुलं पळण्यात मार खात नाहीत. सैन्यभरतीसाठी १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत मारायची सवय असते. नौदलाला साडेसहा मिनिटं आणि तटरक्षकला सात मिनिटं पुरतात. मुलं अडकतात पेपरात. प्रश्न इंग्रजी आणि हिंदीत येतात. मराठी माध्यमातून एसएसएलसी (कर्नाटकातली दहावी) केलेला मुलगा पीयूसीत सायन्स इंग्रजीत शिकतो आणि पहिलं वर्ष शब्द कळण्यातच जातं. तटरक्षकच्या जनरल ड्यूटी पेपरचा दुसरा भाग फक्त गणित-फिजिक्सचा: ५० प्रश्न, ३० मिनिटं. प्रश्नाला ३६ सेकंद. त्यामुळे एनसीईआरटीची अकरावी-बारावीची गणितं त्याने घड्याळ लावून सोडवावीत. तटरक्षकच्या पेपरात चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. नौदलात प्रत्येक चुकीला पाव गुण जातो, तिथे अंदाजाने टिकमार्क नको. दोन्हींचा सराव वेगवेगळा करावा.

वैद्यकीय तपासणीत बाद होण्याची कारणं बहुतेक वेळा आधीच कळणारी असतात: चष्म्याचा नंबर, रंगांधळेपणा, गुडघे एकमेकांना लागणं, सपाट तळवे, पायाच्या फुगलेल्या शिरा. फॉर्म भरण्याआधीच डोळे तपासून घ्या; जनरल ड्यूटीला चष्म्याविना एका डोळ्याची ६/६ आणि दुसऱ्याची ६/९ दृष्टी हवी. कानातला मळ डॉक्टरांकडून काढून घ्या, दातांवरचं किटण साफ करून घ्या. गोंदण हाताच्या आतल्या बाजूला, कोपर ते मनगट, किंवा तळहाताच्या मागे असेल तरच चालतं. जत्रेत दंडावर नाव गोंदवून घेऊ देऊ नका.

कागदपत्रांत सीमाभागातल्या मुलांची खास अडचण होते. एसएसएलसीच्या मार्क्स कार्डवर आडनावाआधी नुसती आद्याक्षरं आणि आधारवर पूर्ण नाव. ऑनलाइन अर्जात दोन्ही जुळली नाहीत तर पुढे अडवतात, म्हणून आधार आत्ताच मार्क्स कार्डप्रमाणे करून घ्या. रहिवासी दाखला नाडकचेरीतून (स्थानिक महसूल कार्यालयातून) घ्या, कर्नाटकचाच. काही मुलं कोल्हापूरला शिकतात म्हणून महाराष्ट्र लिहितात. शिक्षण कुठे झालं यावर डोमिसाइल ठरत नाही. तटरक्षक दलात जातीचं आरक्षण आहे, पण राज्याची यादी आणि केंद्राची ओबीसी यादी वेगळी असते. थ्री-बी या कर्नाटकातल्या मागास प्रवर्गाचा राज्याचा दाखला तिथे आपोआप चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला दाखला मिळतो का ते तहसील कार्यालयात विचारा.

अजून एक गोष्ट पत्रात नव्हती, पण मुलाचे पीसीएमचे (फिजिक्स-केमिस्ट्री-गणिताचे) गुण चांगले असतील तर ती सोडू नका. अधिकारी होण्यासाठी एनडीएची परीक्षा बारावीत असतानाच देता येते. वय साडेसोळा ते साडेएकोणीस, म्हणजे त्याच्याकडे अजून वेळ आहे. नौदलाची बारावीनंतरची बीटेक कॅडेट एंट्रीही आहे, केरळात एझिमला इथल्या नौदल अकादमीत. त्याला पीसीएममध्ये ७० टक्के आणि जेईई मेनची रँक लागते. आपल्याकडची मुलं केसीईटी या कर्नाटकच्या प्रवेश परीक्षेवरच थांबतात आणि नौदल केसीईटी बघत नाही, तेव्हा जेईई मेनचा फॉर्मही भरायला सांगा.

खर्च म्हणाल तर नौदलाची परीक्षा फी ५५० रुपये अधिक जीएसटी, तटरक्षकची ३००. एससी-एसटीला तटरक्षकची फी माफ. जागा मिळवून देतो म्हणून कोणी याहून जास्त मागितले, तर एक रुपयाही देऊ नका आणि मूळ मार्क्स कार्ड त्याच्या हातात ठेवू नका.