गोव्यातल्या ऑफिसात झेरॉक्स मशीनवर सारखे मेंटेनन्सचे मेसेज येतात. दरवेळी टेक्निशियन बोलवायचा का?

दरवेळी नको. ‘टोनर कमी’ (टोनर म्हणजे छपाईची पूड) हा आगाऊ इशारा असतो. प्रती फिक्या पडेपर्यंत चालू द्या, नवा टोनर तेवढा मागवून ठेवा. ‘वेस्ट टोनर भरला’, म्हणजे वाया गेलेल्या पुडीचा डबा भरला, याकडे मात्र दुर्लक्ष करू नका, पुढे मशीन थांबतंच. तो डबा झटकून परत लावू नका, नवा घाला. पूड सांडलीच तर कोरड्या कापडाने किंवा गार पाण्याने पुसा, गरम पाण्याने ती चिकटून बसते. ड्रम (प्रत उमटवणारा रूळ) किंवा फ्यूजर (उष्णतेने पूड कागदावर पक्की करणारा भाग) बदलायचा मेसेज आला की काउंटरचा, म्हणजे एकूण किती प्रती निघाल्या तो आकडा टिपून टेक्निशियनला कळवा.

आणि पावसाळ्यात पेपर जॅम वाढला तर आधी कागद बघा. आपल्याकडच्या दमट हवेत तो चटकन ओल धरतो, कडा वळतात. ट्रेमध्ये दिवसापुरताच भरा, उरलेला वेष्टनात घट्ट गुंडाळून कपाटात ठेवा.